वळणाला काय म्हणतात

अनंता,

आंबा घाटात, रुग्णवाहिकेतल्या स्ट्रेचरवर पडून तू ड्रायव्हरला विचारलंस, "या वळणाला काय म्हणतात?" ड्रायव्हर म्हणाला, "वळणच म्हणतात, काका." सुमनवहिनी सांगतात, तू हसलास. मग तुझ्या हातातला मोबाइल निसटला, खाली आपटला आणि बंद पडला. वहिनी तो उचलायला वाकल्या. त्यांनी वर पाहिलं तेव्हा तू छताकडे बघत होतास. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पेशंट वाटेतच गेला आहे. वाटेत म्हणजे कुठे, हे त्यांना सांगता येणार नव्हतं आणि त्यांच्या कामाला त्याची गरज नव्हती. दाखल्यावर कोल्हापूर लिहिलं आहे.

तुझ्या निधनाची बातमी मीच केली. वय, गाव, पश्चात पत्नी, एक फोटो. रत्नागिरीच्या आपल्या छोट्या दैनिकात तू इतकी वर्षं नकाशे काढलेस आणि मी ते पानात लावले, हेही एका वाक्यात आलं. ती बातमी छापून झाली. त्यानंतर जे घडलं ते बातमीत बसणारं नाही, म्हणून तुलाच लिहितो आहे.

तुझ्या वेडाची सुरुवात तू मला अनेकदा सांगितली होतीस. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरच्या, तुझ्या गावच्या शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा रंगवलेला होता. भिंतीला ओल यायची आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा दर पावसाळ्यात बदलायचा. गावातला एक माणूस बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर आला की तो त्या भिंतीसमोर उभा राहायचा आणि पोरांना सांगायचा, यातली निम्मी नावं त्या देशांना माहीतच नाहीत. फिनलंडची माणसं स्वतःच्या देशाला सुओमी म्हणतात. ग्रीसची माणसं एलाडा म्हणतात. तू म्हणायचास, त्या दिवशी तुला गंमत वाटली नाही, भीती वाटली. भिंतभर देश, आणि नाव घेऊन हाक मारली तर एकही मान वर करणार नाही.

पुढे हीच भीती तू ऑफिसात घेऊन आलास. परदेशाच्या बातमीसोबत नकाशा मागितला की त्यावर इजिप्तच्या जागी मिसर यायचं.

"अनंता, वाचक फोन करतील. नवीन देश झाला का म्हणून."

"मग सांग, जुनाच आहे. तिथले लोक तेच म्हणतात. आपले पणजोबापण मिसरच म्हणायचे. इजिप्त मधेच कुठून आणलंत?"

"पेपर वाचकासाठी असतो. मिसरमध्ये आपला एकही अंक जात नाही."

"जिवंत वाचकांचं तू बघ," असं तू मान वर न करता म्हणायचास, आणि पेन्सिलीला टोक काढत राहायचास. मी इजिप्त करून पान छपाईला सोडायचो. या वादात तू हरत होतास आणि थांबत नव्हतास. आपण 'इंग्रज' म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे तुला कळलं तेव्हा तू दिवसभर अस्वस्थ होतास. "ज्याने राज्य केलं त्याला आपण त्याचं नाव विचारलंच नाही, शेजाऱ्याला विचारून घेतलं," असं सगळ्या डेस्कला सांगत फिरलास. ब्रह्मदेशाच्या राजाला जिथे कैदेत ठेवलं त्या वाड्यावरून जाताना तुझी स्कूटर हमखास हळू व्हायची. तो स्वतः आपल्या मुलखाला म्यानमा म्हणत असणार, असं तुझं म्हणणं. "त्याला इतकी वर्षं आपण चुकीच्या पत्त्यावर हाक मारतोय," असं तू मागे बसलेल्या मला सांगितलंस. रस्ता मोकळा होता आणि तू आरशात बघत होतास.

मी कराडकडचा. तू पहिल्या दिवसापासून मला घाटी म्हणालास.

"आमच्याकडे तुम्हाला खालचे म्हणतात," मी सांगितलं.

"कोणाच्या खालचे?"

"आमच्या."

"समुद्रावरून आलेल्या माणसाला विचार. त्याच्या लेखी तुम्ही मागचे."

एकदा मी सरळ विचारलं होतं, तू स्वतः कुठला म्हणवतोस. तू म्हणालास, मुंबईत गेलं की कोकणी, रत्नागिरीत सड्यावरचा, सड्यावर गेलं की खालच्या वाडीचा. आणि खालच्या वाडीत? "तिथे म्हणतात, आला रत्नागिरीवाला." तू हसून सांगितलंस, पण तो विनोद नव्हता.

तुझ्या नकाशांत आणखी एक दोष होता. तू सीमारेषा पूर्ण जोडत नसायचास. देश असो, तालुका असो, कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढी जागा सुटलेली असायची. भारताच्या नकाशात असं करणं गुन्ह्याच्या जवळ जातं, म्हणून तिथली रेघ मी स्वतः जोडून घ्यायचो. इतर देशांच्या बाबतीत सोडून द्यायचो. कारण विचारलं तेव्हा तू गावची रीत सांगितलीस. मी ती एखाद्या बातमीसारखी ऐकली आणि विसरलो नाही.

तुझ्या गावात देवदिवाळीच्या आदल्या दिवशी शिवेवर तांदळाची रेघ ओढतात. गावाची हद्द बांधून घ्यायची, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. पण रेघेत एके ठिकाणी वीतभर जागा मोकळी सोडतात. गावाबाहेर मेलेल्यांसाठी. घरचं माणूस तिथे उभं राहून त्याला हाक मारतं, तो जिथे मेला त्या जागेचं नाव घेऊन. "मुंबयसून ये." "दुबयसून ये." मग मागे न बघता, न बोलता घरी चालत यायचं; तो मागून येतो. नंतर ती वीतही बुजवतात. आणि नाव तिथल्या माणसांच्या तोंडचंच हवं. तो बोटीवरचा माणूस एका बंदरात वारला. कंपनीच्या पत्रात इजिप्त होतं, म्हणून घरच्यांनी इजिप्तहून हाक मारली. त्या वर्षी गावची गुरं शिवेवरच्या त्या जागेपाशी येऊन थबकायची. ढकलली तरी पुढे जायची नाहीत. पुढच्या वर्षी त्याच्या आईने मिसर म्हणून हाक मारली. गुरं जाऊ लागली.

"आणि हे तू खरं मानतोस?" मी विचारलं होतं.

"मी कुठे मानतो? गुरं मानतात."

तुझी रुग्णवाहिका गेल्यावर घाटात दरड कोसळली. पाऊस सरता सरता तसं होतं. रस्ता बंद झाला, तुला परत आणणं जमेना, आणि कोल्हापुरातच सगळं उरकावं लागलं. दहावा रत्नागिरीत केला. पिंड ठेवले. तुझ्या भावाने शब्द दिला, वहिनींकडे बघीन. कोणी म्हणालं, घराचं अर्धं राहिलेलं काम पुरं करू. कोणी बांगड्याचं कालवण आणून ठेवलं. कावळे होते. भिंतीवर ओळीने बसले होते. त्यांची तोंडं रस्त्याकडे होती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी गेले.

वहिनी मागे थांबल्या. त्यांनी मला त्यांचा मोबाइल दाखवला. तुम्ही दोघांनी एकमेकांची जागा नकाशावर दिसेल अशी सोय करून घेतली होती, हे मला माहीत नव्हतं. नकाशावर घाटाची नागमोडी रेघ होती आणि एका वळणावर तुझा गोल ठिपका, त्यात तुझा फोटो.

"वहिनी, फोन बंद पडला की तो शेवटची जागा दाखवत राहतो."

"कळतं मला ते. पतसंस्थेत नोकरी केलीय, अडाणी नाही मी. पण ते थांबले ती जागा हीच, एवढं तरी खरं ना?"

"ते खरं."

"मग तिला नाव असेल. काढून द्या. तुम्ही पेपरवाले."

मी नकाशे पाहिले. मोबाइलवरचा मोठा करत गेलो, तर नावं विरळ होत गेली आणि शेवटी फक्त हिरवा रंग उरला. आपल्या ऑफिसातले जुने कागदी नकाशे पाहिले. तू स्वतः काढलेला जिल्ह्याचा नकाशा पाहिला. साखरपा आहे, वर आंबा आहे. मधे घाट असं लिहिलेलं आहे, तुझ्याच अक्षरात. जिल्ह्याची हद्द तिथूनच जाते आणि तू सोडलेली मोकळी जागा तिथेच होती. ही गोष्ट मी वहिनींना सांगितली नाही. तिला काही अर्थ आहे असं माझं म्हणणं नाही. जागा तिथे होती, एवढंच.

रस्ता सुरू झाल्यावर मी एसटीने गेलो. त्या वळणाच्या थोडं वर एक चहाची टपरी आहे. टपरीवाला वरच्या अंगाचा, त्याची बोली माझ्या घरची. बाकावर खालच्या गावची एक म्हातारी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. मी वळण दाखवलं आणि नाव विचारलं.

"खारवाट," टपरीवाला म्हणाला. "लहानपणापास्नं ऐकतोय. वरनं उतरताना पहिलं खारं वारं तिथं लागतंय."

"खारवाट कुटली?" म्हातारी म्हणाली. "दमठान हाय ते. आमी चडून दम खातो तितं."

"आजी, तुमी खालची माणसं. तुमाला वारं कुटलं कळतंय, जन्म खाऱ्यातच गेला."

"आनि तुला दम कुटला कळतोय? बसून चा इकतोस."

टपरीवाला मोठ्याने हसला. म्हातारीही हसली. मग मी कशासाठी विचारतो आहे ते सांगितलं. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हातारी म्हणाली की दरडीनंतर एसटीवाले त्या वळणावर उगाचच हॉर्न मारतात, समोर कोणी नसताना. मी परत येताना बघितलं. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला. समोर कोणी नव्हतं. मी त्याला कारण विचारलं, तर तो म्हणाला, "कशाचं? कधी मारला?"

देवदिवाळीच्या आदल्या दिवशी मी वहिनींबरोबर तुझ्या गावी आलो. इतक्या वर्षांत तू मला कधी नेलं नव्हतंस. सड्यावर गवत वाळून पिवळं पडलेलं, काळा कातळ तापलेला, आणि दूर खाली जयगडच्या खाडीकडे बंदराच्या क्रेन दिसत होत्या. आवाज काहीच येत नव्हता. रेघ ओढण्याचा मान धाकूकाकांचा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्ये कोन?"

"पेपरात असतात. यांच्या बरोबरचे," वहिनी म्हणाल्या.

"घाटावरचे काय?"

"हो," मी म्हणालो.

"अनंता सांगत व्हता. त्येच्या रेगा बुजवता ते तुमीच."

मी हो म्हणालो. ते तांदळाचं सूप उचलून पुढे झाले. शिवेवर गेलो तर गुरं उभी होती. सहा-सात असतील. शिवेपलीकडे चांगला चारा होता आणि ती अलीकडे उभी राहून तिकडे बघत होती. धाकूकाकांनी त्यांना न हाकलता रेघ ओढली आणि वीतभर जागा मोकळी सोडली.

"पावसापासनं असंच करतात," ते म्हणाले. "सांगा. कुटून बोलवायचा त्येला?"

मी दोन्ही नावं सांगितली. खालची माणसं दमठाण म्हणतात, वरची खारवाट. माझ्या मते अडचण नव्हती. दोन्ही नावं बरोबर आहेत, दोन्ही तिथल्याच माणसांची आहेत, दोन्ही घ्यावीत. बातमीत आम्ही असंच करतो.

धाकूकाकांनी हातातले तांदूळ परत सुपात टाकले.

"दोन जागांवरून बोलवलान तर दोन येतील," ते म्हणाले. "एक आपला असंल. दुसरा कोन, ते कोनाला ठावं? एकच नाव घ्यायचा. आनि एकदाच. चुकलान तर वरीसभर ह्यो हितंच ऱ्हाईल, गुरांच्या तोंडासमोर."

अनंता, तू असतास तर इथे वाद घातला असतास, आणि मला पहिल्यांदाच तुझी बाजू घ्यायची होती. पण तुझी बाजू कोणती, ते कळत नव्हतं. ज्याचं त्याचं नाव, एवढंच तू आयुष्यभर सांगितलंस. एकाच जागेची दोन माणसं दोन नावं घेत असतील तर काय, हे आपण कधी बोललो नाही. तो वाद राहून गेला.

"दमठान घे," धाकूकाका वहिनींना म्हणाले. "आपला मानूस. आपल्याच नावान यील."

वहिनी मोकळ्या सोडलेल्या त्या वीतभर जागेकडे बघत होत्या. दुपारचं ऊन होतं आणि त्या जागेवर कोणाचीच सावली पडत नव्हती.

"दमठाण चढणाऱ्यांचं ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"आणि दुसरं उतरणाऱ्यांचं."

"हो."

"मग काका, त्यांचं चढून झालंय."

"वरच्यांच्या नावान?" धाकूकाका म्हणाले. "आपल्या शिवेवर? आजपातूर कोनी घेतलान न्हाय."

"त्यांना खाली यायचंय. खाली येणारे त्या जागेला जे म्हणतात तेच मी म्हणणार." आणि ते आणखी काही बोलायच्या आत वहिनींनी दोन्ही हात तोंडाशी धरले. माझ्या घरी ज्या बोलीत बोलतात त्या बोलीतलं ते नाव त्यांनी रत्नागिरीच्या हेलात घेतलं. "अहो, खारवाटेसून या! घरी या!"

सड्यावर प्रतिध्वनी येत नाही. तिथे अडवायला काही नाही. हाक गेली आणि परत आली नाही. आम्ही वळलो. पुढे वहिनी, मग धाकूकाका, शेवटी मी. गावाच्या रीतीप्रमाणे शेवटचा म्हणजे खरं तर शेवटचा नाही. मी काय ऐकलं ते लिहितो. माझ्या चपलांखाली खडी वाजत होती. मी थांबलो नाही, त्यामुळे दुसरा आवाज होता की नव्हता, हे ठरवण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं. थोड्या वेळाने मागून गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या, आणि त्या लांब लांब जात पलीकडच्या चाऱ्याकडे गेल्या. धाकूकाकांच्या पाठीवरून मला कळलं की त्यांनीही ऐकलं आहे. त्यांनी मान वळवली नाही. मीही नाही.

मला तुझे आभार मानायचे होते. इतकी वर्षं शेजारी बसून तू मला प्रत्येक नावापुढे थांबायला लावलंस. मी चिडलो, घाईत रेघ मारली, पान सोडलं, पण थांबलो. कराडचा माणूस या किनाऱ्यावर टिकला तो त्या थांबण्यामुळे. हे तुला ऑफिसात सांगता आलं असतं. त्या वाटेवर बोलायला मनाई होती, म्हणून मनात म्हटलं. तू फार लांब नसशील असा माझा अंदाज होता.

तुझं गावचं घर आलं. धाकूकाका आत जाऊन पाटावर बसले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. दार लावायचं काम घरच्या बाईचं. कधी लावायचं ते तिने ठरवायचं. लवकर लावलं तर येणारा बाहेर राहतो. उशीर केला तर त्याच्या मागून जे आलं असेल तेही आत येतं. वहिनी दाराच्या फळीवर हात ठेवून उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. बाहेर अंगणात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

"लाव गो आता," धाकूकाका म्हणाले.

वहिनी हलल्या नाहीत.

"सुमन. लाव दार."

"थांबा जरा, काका," वहिनी म्हणाल्या. त्यांची नजर उंबऱ्याबाहेर, जमिनीलगत होती. आवाज रोजचा होता, थोडा वैतागलेला. "चपला काढतायत."

मग त्या बाजूला सरल्या, एका माणसाला जाता येईल इतक्या, आणि त्यांनी दार लावून कडी घातली.